खडीसाखर, मसाल्याची डबी आणि भिश्ती

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की कंपन्यांच्या ऑफिसांतून एक यादी फिरू लागते. माणसं किती, त्यांतली रोज येणारी किती, घरून काम करणारी किती. कोणाचा पत्ता कोचीचा, कोणाचा गुवाहाटीचा, कोणाचा चिपळूणजवळच्या एखाद्या वाडीचा. कोण जैन, कोणाला मधुमेह, कोणाच्या घरी दिवाळी नसतेच. सगळ्यांना चालेल, कोणाला टोचणार नाही आणि कुरियरमध्ये फुटणार नाही अशी भेट कोणती, यावर बैठका होतात. शेवटी सोनपापडी किंवा सुकामेवा ठरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हा प्रश्न संगणकाच्या धंद्याबरोबर आला, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. १९१४च्या ऑक्टोबरच्या मध्यावर लंडनमध्ये एक समिती हीच यादी मांडून बसली होती. तिच्या यादीतली माणसं फ्रान्सच्या चिखलात, उत्तर समुद्रातल्या जहाजांवर, इजिप्तमध्ये आणि हिंदुस्थानातल्या छावण्यांत विखुरलेली होती. त्यांत शीख होते, पठाण होते, गुरखे होते, आणि आपल्या खडकीहून गेलेले मराठेही होते. या समितीने जे ठरवलं त्याचा तपशील उपलब्ध आहे, आणि तो मला कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा अधिक बोलका वाटतो. आपण कोणाला किती ओळखतो आणि ओळखूनही कोणाला किती मोजतो, हे भेटवस्तूंच्या यादीत स्वच्छ दिसतं.

राजे पाचवे जॉर्ज यांची मुलगी राजकन्या मेरी तेव्हा सतरा वर्षांची होती. आघाडीवरच्या प्रत्येक शिपायाला आणि खलाशाला नाताळची भेट पाठवावी, तीही स्वतःच्या खाजगी खर्चातून, असं तिच्या मनात आलं. ते शक्य नव्हतं. तेव्हा तिच्या नावाने जाहीर निधी उभारण्याचं ठरलं आणि ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या अध्यक्षतेखाली कार्यकारी समिती नेमली गेली. सुरुवातीचा अंदाज सुमारे पाच लाख माणसांचा होता. निधी मात्र १,६२,५९१ पौंड १२ शिलिंग ५ पेन्स इतका जमला, आणि त्यातला मोठा भाग सामान्य लोकांच्या छोट्या देणग्यांचा होता. पैसे उरणार असं दिसताच समितीने व्याप्ती वाढवली. नाताळच्या दिवशी राजाच्या गणवेशात असलेला प्रत्येक जण भेटीला पात्र ठरला, आणि पाच लाखांचा आकडा सव्वीस लाखांवर गेला.

भेट म्हणजे पितळेची एक चपटी डबी. लांबी पाच इंच, रुंदी सव्वातीन. झाकणावर राजकन्येचा मुखवटा, कडेला मित्रराष्ट्रांची नावं, खाली नाताळ आणि साल. डबीबरोबर एक पाइप, लायटर, औंसभर तंबाखू, वीस सिगारेटी, नाताळचं कार्ड आणि राजकन्येचं छायाचित्र. त्या काळचा इंग्रज शिपाई तंबाखू ओढतो हे गृहीतच होतं. या गृहीतावरचा पहिला आक्षेप घरातूनच निघाला, कारण न ओढणारे इंग्रजही होते. त्यांच्यासाठी तंबाखूऐवजी आंबट-गोड गोळ्यांची पुडी आणि खाकी रंगाचं लेखनसाहित्य – पेन्सिल, कागद, पाकिटं – असं ठरलं. आघाडीवरच्या परिचारिकांना चॉकलेट. प्रत्येकाच्या हातात काही ना काही पडेल आणि ते त्याच्या उपयोगाचं असेल, इथपर्यंत समिती चांगली पोचली होती.

मग हिंदी सैन्याचा प्रश्न आला.

लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजनांचे शिपाई फ्रान्समध्ये पोचू लागले होते. पहिली जहाजं सप्टेंबरच्या अखेरीस मार्सेय बंदराला लागली. समितीने त्यांच्यासाठी जी विभागणी केली ती अशी. गुरख्यांना ब्रिटिश शिपायांसारखीच भेट. शिखांना डबी, खडीसाखर, मसाल्याची एक डबी आणि कार्ड. तंबाखू अर्थातच नाही. बाकी सर्व हिंदी शिपायांना डबी, सिगारेटचं पाकीट, खडीसाखर, मसाल्याची डबी आणि कार्ड. आणि शेवटी सैन्याबरोबरचे अधिकृत नोकर, ज्यांना यादीत 'भिश्ती' या एका नावाखाली गोळा केलं होतं. त्यांना मसाल्याची डबी आणि कार्ड.

ही यादी मी अनेकदा वाचली आहे. पहिल्या वाचनात कौतुकच वाटतं. शिखाला तंबाखू वर्ज्य आहे हे लंडनमधल्या समितीला माहीत असावं आणि तिने ते मानावं, ही साधी गोष्ट नाही. खडीसाखरेची निवड तर फारच हुशारीची. ती विटत नाही, वितळत नाही, ओल लागली तरी पुसून खाता येते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती शिजवलेलं अन्न नाही. त्या काळच्या सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात शिजवलेलं अन्न कोणी शिजवलं याला सगळं महत्त्व. कोरड्या जिनसेला ते बंधन सैल असे. देवळात प्रसाद म्हणून खडीसाखर चालते, दर्ग्यात शिरणी म्हणूनही साखरच चालते. लाडू पाठवले असते तर निम्म्यांनी हात लावला नसता. एक बारीक शंका काढायचीच तर ती साखर शुद्ध कशाने केली ही. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेत हाडांचा संबंध येतो म्हणून ती टाकून देण्याचा प्रचार आपल्याकडे जोरात झाला होता, आणि त्याला तेव्हा दहा वर्षंही लोटली नव्हती. लंडनमधल्या समितीपर्यंत तो वाद पोचला नसणार.

हे ज्ञान आलं कुठून? समितीला ते सहृदयतेने सुचलं असं मानायचं कारण नाही. १८५७नंतर हिंदी सैन्याची रचनाच जातिधर्माच्या मापाने केलेली होती. कोणत्या पलटणीत कोणत्या जातीची किती कंपनी, हे ठरलेलं असे. भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी जातवार पुस्तिका छापल्या जात. 'मराठे आणि दख्खनी मुसलमान' या विषयावरची बेथम या अधिकाऱ्याची पुस्तिका १९०८ची आहे. कोण काय खातो, कोणाचे सण कोणते, कोण कोणाच्या हातचं पाणी पितो, हे सगळं त्यांत नोंदलेलं. त्याच हिवाळ्यात ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांसाठी इस्पितळ उघडलं तेव्हा तिथे नऊ वेगळी स्वयंपाकघरं होती आणि हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याची वेगळी सोय होती. सर जॉन ह्यूएट यांच्या अध्यक्षतेखालचा हिंदी सैनिक निधी वेगळा काम करत होता. शिपायांना आपापल्या धर्माच्या वस्तू मिळाव्यात याकडे त्याचं लक्ष होतं. साम्राज्याला आपली माणसं नीट ठाऊक होती. ज्या ज्ञानाने त्याने भरती केली, त्याच ज्ञानाने भेटी वाटल्या. आजच्या कंपनीकडे असलेली कर्मचाऱ्यांची माहिती आणि तिचा उपयोग यांबद्दलही असंच काही म्हणता येईल, पण तो विषय वेगळा.

दुसऱ्या वाचनात शेवटची ओळ खुपते. शिखाला काय चालतं, गुरख्याला काय आवडतं याची इतकी बारीक चौकशी करणारी समिती भिश्त्यापाशी आल्यावर धर्म विचारतच नाही. भिश्ती म्हणजे पखालीने पाणी वाहणारा. शब्द फारसी बिहिश्तवरून आलेला, स्वर्गातला माणूस या अर्थाने. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गीय. पण यादीत या नावाखाली फक्त पाणके नव्हते. शिपाई नसलेले छावणीतले सगळे अधिकृत नोकरचाकर या एका शब्दात कोंबले होते. तोफखाली तेही होते, मेले तेही. त्यांना पितळी डबी नाही, सिगारेट नाही, खडीसाखरही नाही. वास्तविक खडीसाखर त्यांतल्या प्रत्येकाला चालली असती. म्हणजे इथे निकष 'काय चालेल' हा राहिला नाही, 'किती पुरे' हा झाला. धर्माचा मान राखण्याच्या यादीत दर्जाची उतरंड आपोआप शिरली, आणि ती इतकी सहज शिरली की कोणाला तिचं स्पष्टीकरण द्यावंसं वाटलं नाही.

आणि एक गट तर यादीच्या बाहेरच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांचे आजे-पणजे मुंबई इलाख्याच्या पलटणींत लढले होते, त्यांना 'लढाऊ जमातीं'च्या नव्या सिद्धांताने बाहेर काढलं. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केले. १९१४च्या नाताळात त्यांचा उपयोग झालेला नव्हता. माणसं कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडली. भेटवस्तू कितीही विचाराने निवडली तरी ती पटावर असलेल्यांनाच मिळते. पट कोणी केला हा प्रश्न भेटीच्या आधीचा आहे.

आता आपल्या माणसांकडे. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या फ्रान्सला गेल्या होत्या. खंदक, पूल, तारा ही त्यांची कामं. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यू शापेलच्या गावात ४७व्या शीख पलटणीबरोबर त्यांना पायदळासारखं हल्ल्यात घातलं गेलं आणि त्यांची भयंकर हानी झाली. त्यातून वाचलेल्यांच्या हाती दोन महिन्यांनी ही डबी आली असणार. त्या वर्षी आश्विन अमावास्या १९ ऑक्टोबरच्या सुमारास होती. म्हणजे लंडनमध्ये समिती नाताळच्या भेटीचा विचार करू लागली त्याच आठवड्यात या माणसांची दिवाळी फ्रान्समध्ये, आघाडीच्या वाटेवर गेली. महिनाअखेरीस बकरी ईद होऊन गेली, नोव्हेंबरच्या सुरुवातीला कार्तिकी पौर्णिमा आणि तिच्याबरोबर नानकजयंती. भेट घेणाऱ्याप्रमाणे डबीतला जिन्नस बदलला. भेटीचा दिवस मात्र देणाऱ्याच्याच सणाचा राहिला. यात समितीला काही गैर वाटलं नसणार. आपल्यालाही दिवाळीचा खोका लखनौच्या मुसलमान सहकाऱ्याला आणि वसईच्या ख्रिस्ती सहकाऱ्याला पाठवताना वाटत नाही.

अंतराचा प्रश्नही तेव्हा सुटला नाही. समितीने माणसांचे तीन वर्ग पाडले. पहिल्यात आरमार, फ्रान्समधलं सैन्य, जखमी, कैदी आणि मेलेल्यांच्या विधवा किंवा आईबाप; दुसऱ्यात ब्रिटिश बेटांबाहेर इतरत्र असलेलं ब्रिटिश, वसाहतींचं आणि हिंदी सैन्य; तिसऱ्यात मायदेशातले. नाताळपर्यंत चार लाखांहून अधिक डब्या पोचल्या, त्या पहिल्या वर्गाच्या. फौज फ्रान्समध्ये लढत असताना पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली होती आणि नोव्हेंबरात बसऱ्यात शिरली होती. ११७व्या मराठा पलटणीसारख्या आपल्या पलटणी तिच्यात होत्या. ते दुसऱ्या वर्गात. त्यांच्यासाठीच्या भेटीत नाताळाऐवजी नव्या वर्षाचं कार्ड घालावं लागलं. जो दूर, त्याला उशिरा आणि थोडं साधं, हा नियम कोणी ठरवून केला नव्हता. तो वाहतुकीने केला. पुढे पितळेचाच तुटवडा पडला. अमेरिकेतून येणाऱ्या पितळी पट्ट्यांचा मोठा साठा मे १९१५मध्ये लुसिटानिया बोटीबरोबर बुडाला. लायटर पुरले नाहीत तेव्हा कंगवे, कात्र्या, चाकू, दाढीचे ब्रश असं जे मिळेल ते घातलं गेलं. वाटप युद्ध संपल्यावरही चालू होतं.

आपल्याकडे ही भाषा नवी नव्हती. सणाला द्यायच्या वस्तूंसाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही, आणि प्रत्येक शब्द दिशा सांगतो. पोस्त खाली जाते: दिवाळीची किंवा शिमग्याची पोस्त मालकाने गड्याला, यजमानाने बलुतेदाराला द्यायची. नजराणा वर जातो. डालीही वर जाते. साहेबाच्या 'बड्या दिना'ला मामलेदार, ठेकेदार, सावकार फळं, सुकामेवा, मिठाई यांनी भरलेली टोपली बंगल्यावर धाडत. हा शब्द इंग्रजांनी 'डॉली' असा उचलला आणि १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तो सापडतो. वर जाणाऱ्या भेटीत लाच कुठे सुरू होते हे ठरवणं कठीण म्हणून १७७३च्या रेग्युलेटिंग ॲक्टने कंपनीच्या नोकरांना एतद्देशीयांकडून भेटी घेण्याची बंदी केली. डाली तरीही चालू राहिली. फळं ही कुठे भेट असते! बरोबरीच्या माणसाला द्यायची ती भेट, असा वेगळा शब्द जुन्या व्यवहारात फारसा लागतच नसे. ऑफिसातल्या सहकाऱ्याला काय द्यावं हे आपल्याला सुचत नाही त्याचं एक कारण मला यात दिसतं.

मुंबईच्या गिरण्यांनी याला वेगळं वळण दिलं. तिथे कोकणातले आणि घाटावरचे मराठे होते, उत्तरेकडचे मोमीन विणकर होते, महार होते. या सगळ्यांना मिळून एक सणाची भेट कोणती? उत्तर रोखीचं निघालं. पहिल्या महायुद्धातल्या महागाईत १९१७पासून गिरणीमालकांनी पगारावर भत्ता दिला. पुढे नफ्याची वर्षं आली तेव्हा काही वर्षं ओळीने वर्षाकाठी महिन्याच्या पगाराएवढा बोनस दिला. १९२३ साली मालकांनी यंदा बोनस नाही असं जाहीर केलं. जानेवारी १९२४मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले आणि दोन महिने बाहेर राहिले. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने सांगितलं की या बोनसवर कामगारांचा रूढीचा, कायद्याचा किंवा न्यायबुद्धीचा कोणताही हक्क सिद्ध होत नाही. बोनस ही मालकाची मर्जी. कामगार हरले.

पण प्रश्न विचारला गेला होता. सलग काही वर्षं दिलेली भेट पुढच्या वर्षीही भेटच राहते का? पुढच्या सगळ्या कायद्याचा उगम इथे आहे. १९५० साली मुंबईच्याच गिरणीमालक संघाच्या प्रकरणात कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून काय काय वजा करून उरलेल्यातून बोनस द्यायचा याचं सूत्र ठरवलं. १९६१च्या अखेरीस एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला आणि १९६५ साली कायदा झाला: कमीत कमी चार टक्के, जास्तीत जास्त वीस. किमान आकडा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ८.३३ झाला, आणीबाणीत पुन्हा चारवर आणला गेला, १९७७ साली पुन्हा ८.३३ झाला. हा अपूर्णांक विचित्र दिसतो, पण तो वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा आहे. म्हणजे महिन्याचा पगार, तोच, जो १९२४मध्ये कामगार मागत होते. २०१९च्या वेतन संहितेतही तो कायम आहे.

या ठिकाणी थोडं थांबून एक खुळचट गोष्ट निकालात काढली पाहिजे, कारण दर दिवाळीला ती मोबाइलवर फिरते. इंग्रजांच्या आधी म्हणे पगार आठवड्याला मिळे. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणजे चार आठवड्यांचा एक असे तेरा पगार. इंग्रजांनी महिना लावला आणि तेरावा पगार खाल्ला. तो १९४० साली दिवाळी बोनस म्हणून परत मिळाला. गोष्ट नीटनेटकी आहे, एवढंच. मुंबईच्या गिरण्यांत पगार पूर्वीपासून महिन्याचाच असे, तोही पुढच्या महिन्यात कधीतरी मिळे, अहमदाबादेत हप्त्याने. कामगारांची तक्रार महिना फार लांब पडतो, मध्ये सावकाराकडे जावं लागतं, ही होती, आणि व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात तिची दखल घेतली. या कथेत संप नाही, दीड लाख माणसांचे दोन उपाशी महिने नाहीत. हिशेबातली चूक दुरुस्त झाली आणि सगळे खूश, अशी ती आहे. म्हणूनच ती लोकांना आवडत असावी.

रोख रक्कम सगळ्यांना चालते. मदनपुऱ्यातल्या मोमीन विणकराला दिवाळी बोनस घेताना धर्म आडवा आला नाही. बंगालात तागाच्या गिरण्यांतल्या मुसलमान कामगाराला पूजा बोनस घेताना आला नाही. केरळात ओणमच्या वेळच्या बोनसचंही तेच. १९६५च्या कायद्यात 'पूजा बोनस किंवा अन्य रूढ बोनस' असा उल्लेख आहे. निधर्मी देशाच्या कायद्यात पूजा, आणि कोणाची हरकत नाही. सण हे फक्त तारखेचं नाव झालं. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयात मुंबई कामगार सभा विरुद्ध अब्दुलभाई फैजुल्लाभाई हे प्रकरण चाललं. नागदेवीच्या लोखंडी सामानाच्या दुकानांतले कामगार आणि त्यांचे मालक यांचा वाद. मालक पूर्वी देत असलेली रक्कम देईनासे झाले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं, १९६५चा कायदा नफ्यावरच्या बोनसपुरता आहे. सणाशी बांधलेल्या रूढीच्या बोनसची मागणी त्याने संपत नाही. निकालाच्या नावातला मालक फैजुल्लाभाई आणि चर्चा दिवाळीसारख्या सणांच्या बोनसची. मला हे प्रकरण फार मुंबईचं वाटतं.

मात्र रोखीनेही सगळं सारखं होत नाही. बोनस टक्क्यांत मिळतो, आणि टक्के पगारावर. विणकाम खात्यात पगार चांगला. पण तिथे धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ दिलं जात नसे. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा पुढे केला तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला होता. ज्याला चांगल्या खात्यात पाऊल ठेवू दिलं नाही, त्याची दिवाळीही त्या प्रमाणात लहान. भेट तटस्थ होती, माप तटस्थ नव्हतं.

दूर बसून काम करणाऱ्यांचंही घ्या. 'घरून काम' हा शब्द २०२०मध्ये आपल्या तोंडी बसला, पण सोलापूर, सिन्नर, निपाणीच्या बायका कितीतरी आधीपासून घरीच विड्या वळत होत्या. पान-तंबाखू कारखान्यातून आणायची, जुड्या बांधून परत द्यायच्या. त्या कामगार की स्वतंत्र धंदेवाल्या, हा वाद मालकांनी अनेक वर्षं लढवला, कारण कामगार म्हटलं की सगळंच द्यावं लागतं. १९६६च्या विडी-सिगार कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कामगार मानलं. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कापड घरी नेऊन शिवण्याची मुभा आहे एवढ्याने शिंपी दुकानाचा नोकर नाही असं होत नाही. घरून काम करणारा आपला माणूस आहे हे आधी न्यायालयात भांडून ठरलं. कुरियरने खोका पाठवण्याची गोष्ट फार नंतरची.

माझी भाची पुण्यातल्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. गेल्या वर्षी तिने फोन करून विचारलं, "मामा, तू ते जुनं काय काय वाचतोस ना, मग सांग, सगळ्यांना चालेल असं काय देऊ?" मी तिला खडीसाखर म्हणालो. ती हसली. पण पुढे बोलणं झालं ते कामाचं झालं. खाण्याचा जिन्नस द्यायचाच तर कोरडा, शाकाहारी, घटक छापलेला आणि टिकाऊ. कातड्याच्या वस्तू टाळाव्यात. देवाच्या मूर्ती आणि तसबिरी नकोत, कारण ज्याला नकोत त्याला त्या टाकताही येत नाहीत. दूरच्यांचे खोके आठ दिवस आधी निघाले पाहिजेत म्हणजे ऑफिसातल्यांच्या टेबलावर आणि त्यांच्या दारात एकाच दिवशी पोचतील. दिवाळी अंकांचा संच मराठी वाचणाऱ्यांना द्यायला उत्तम. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्या सणाला वाचायची भेट आहे, हे भाग्य. पण तिच्या यादीतले निम्मे मराठी वाचत नव्हते. आणि शक्य असेल तिथे निवड घेणाऱ्यावर सोडावी. यात सरकार कंपन्यांच्या पुढे आहे, असं मी तिला सांगितलं तर तिला खरं वाटेना. सरकारी नोकराला मिळणारं बिनव्याजी सण अग्रिम जुनंच. ऑक्टोबर २०२०मध्ये केंद्राने एकदाच म्हणून दहा हजारांचं अग्रिम दिलं; रक्कम कार्डावर भरलेली, ३१ मार्च २०२१पर्यंत खर्च करायची, परतफेड जास्तीत जास्त दहा हप्त्यांत, आणि सण कोणता हे कर्मचाऱ्याने ठरवायचं. ज्याची ईद त्याने ईदेला, ज्याचा नाताळ त्याने नाताळाला. ही भेट नव्हती, कर्जच होतं. पण तारीख घेणाऱ्याच्या हाती देण्याची गोष्ट १९१४च्या समितीला सुचली नव्हती.

मग मी तिला विचारलं, यादीत एकूण किती जण? तिने आकडा सांगितला. म्हटलं, यात दारावरचे पहारेकरी, जिने पुसणाऱ्या बायका, कँटीनमधली पोरं आहेत का? ती म्हणाली, ते ठेकेदाराच्या पगारपत्रकावर असतात, कंपनीच्या नाही. त्यांना वेगळं देतात. काय देतात? पाव किलो मिठाईचं पुडकं.

त्या पुडक्यातली मिठाई कोणाला चालते आणि कोणाला नाही, हे कोणी विचारलं होतं का, असं मी म्हणालो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. यंदाच्या यादीत त्या माणसांचा वेगळा रकाना तिने घातला आहे आणि मंजुरीसाठी वर पाठवला आहे. हा लेख छापायला जाईपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.